दिवंगत अग्निशमन जवान: त्यांच्या मरणाशिवाय आपल्याला काय माहीत आहे?

रानजाई (१५ एप्रिल, सकाळी ९:१२)

काल १४ एप्रिल. अग्निशमन सेवा सप्ताह सुरू झाला आणि दरवर्षीचं वाक्य सगळीकडे फिरलं: १९४४ साली मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' जहाजाच्या स्फोटात अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, त्यांच्या स्मरणार्थ हा सप्ताह पाळतात. हे वाक्य मी शाळेपासून ऐकते आहे. त्या सहासष्टांपैकी एकाचंही नाव मला सांगता येणार नाही. तो कुठल्या गावाहून मुंबईत आला, घरी कोण होतं, सुट्टीच्या दिवशी काय करायचा, हे तर फारच पुढचं.

आमच्या घराजवळ फायर स्टेशन आहे. काही महिन्यांपूर्वी तिथले एक निवृत्त कर्मचारी वारले. स्टेशनच्या फळ्यावर खडूने नाव, हुद्दा आणि तारीख लिहिली होती. दोन दिवसांनी फळा पुसला गेला. तीस-पस्तीस वर्षं या भागातल्या प्रत्येक आगीला धावलेला माणूस, आणि त्याच्याविषयी एवढंच लिहिलं गेलं याचं मला फार वाईट वाटलं.

माझं म्हणणं असं की आपण या माणसांना फक्त त्यांच्या शेवटच्या दिवसावरून ओळखतो, आणि तिथेच चुकतं. तुमच्या ओळखीत, नात्यात, शेजारात असे कोणी होते का? कामावर असताना गेलेले असोत किंवा नंतर घरी वारलेले, ते कसे जगले ते इथे लिहाल का? मुंबई, ठाणे, पुणे, कुठलंही गाव चालेल.

ओलीवाट (१५ एप्रिल, सकाळी ९:४०)

+१. वाचत राहणार.

नोंदकरी (१५ एप्रिल, सकाळी ११:०५)

सहासष्टांची गोष्ट आकड्यातच का अडकली याचं एक कारण तेव्हाच्या परिस्थितीत आहे. ते सांगतो.

महायुद्ध चालू होतं. फोर्ट स्टिकीन बर्कनहेडहून निघून कराचीमार्गे १२ एप्रिलला मुंबईत लागलं. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि दारूगोळा होता. शिवाय कराचीत चढवलेल्या कापसाच्या गासड्या, लाकूड, वंगणतेल. १४ तारखेला दुपारी खालच्या कप्प्यातून धूर येताना दिसला. बंब आले. जहाजावरून, धक्क्यावरून मिळून ९०० टनांहून जास्त पाणी आत सोडलं, तरी आगीचं मूळ सापडेना. ३:५० ला जहाज सोडण्याचा हुकूम झाला आणि ४:०६ ला पहिला स्फोट झाला. साधारण अर्ध्या तासाने दुसरा. पार शिमल्याच्या भूकंपमापकावर हादरा नोंदला गेला.

आता मुद्दा बातमीचा. सरकारने ती दाबली. जपानच्या ताब्यातल्या सायगॉनच्या (व्हिएतनाममधलं शहर) रेडिओने १५ एप्रिललाच सगळं सविस्तर सांगितलं, पण इथल्या वर्तमानपत्रांना छापायची परवानगी मिळेपर्यंत मे महिन्याचा दुसरा आठवडा उजाडला. एखादा माणूस गेला की पहिल्या चार-सहा दिवसांत बातमीदार त्याच्या चाळीत जातो, शेजारी बोलतात, कोणीतरी फोटो काढून देतं. त्या चार-सहा दिवसांत जे गोळा होतं तेच पुढे उरतं. ते दिवस सेन्सॉरमध्ये गेले. नंतर शहराला ढिगारे, बेघर लोक, धान्य आणि नुकसानभरपाई यांतून डोकं वर काढायला वेळ नव्हता.

पाणसळ (१५ एप्रिल, सकाळी ११:३२)

त्याच जहाजावर सोनं होतं. ३१ पेट्या. विटेचं वजन साडेबारा किलोच्या वर, हे कुठेही वाचायला मिळतं. गोदीतला गाळ उपसताना नंतर कित्येक वर्षांनी वीट सापडली, तर तिचीही बातमी झाली. सोन्याचा हिशेब किलोग्रॅमपर्यंत आहे आणि होज (पाण्याचा पाइप) धरून उभ्या असलेल्या माणसांचा नुसता एक आकडा. रानजाई, तुमचं म्हणणं मला पूर्ण पटतं.

चिमणघर (१५ एप्रिल, दुपारी २:१८)

माझे बाबा फायरमन होते, लीडिंग फायरमन म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर काही वर्षांनी फुफ्फुसाच्या आजाराने घरीच गेले. ते कुठल्याच फलकावर येणार नाहीत, म्हणून इथे लिहिते.

आम्ही क्वार्टर्समध्ये वाढलो. खाली स्टेशन, वर घरं. घंटा झाली की आधी खाली पळण्याचा आवाज, मग दरवाजा, मग बंब बाहेर पडल्याचा हादरा खिडकीच्या गजांना जाणवायचा. आई बाबांच्या ताटावर दुसरं ताट झाकून ठेवायची आणि आम्हाला म्हणायची, तुम्ही जेवून घ्या. परत कधी येतील असं तिने कधी विचारलेलं मला आठवत नाही. आमच्या मजल्यावर कोणत्याच घरात विचारत नसत.

रात्रपाळीला गमबूट आणि त्यावर दुमडून बसवलेली पँट अशी जोडी खाटेशेजारी तयार ठेवलेली असायची. पाय घातले, वर ओढलं, निघाले. बाबा निवृत्त झाल्यावरही चपला पलंगाखाली ठेवताना टाचा पलंगाकडे, अंगठे बाहेर असेच ठेवायचे. लग्नाच्या हॉलमध्ये शिरलं की आधी सगळा हॉल फिरून दुसरा दरवाजा कुठे आहे आणि त्याला कुलूप आहे का ते पाहून यायचे. मग आम्हाला त्या बाजूला बसवायचे. लहानपणी मला याची लाज वाटायची. आज मी माझ्या मुलांना घेऊन तसंच करते.

स्टेशनवर कॅरम चालायचा. डाव रंगात असताना वर्दी (मदतीचा निरोप) आली की स्ट्रायकर जिथे असेल तिथेच सोडून सगळे जायचे. त्या सोंगट्यांना दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, आम्ही पोरांनी तर मुळीच नाही. परत आले, अंघोळी झाल्या, चहा झाला की तोच डाव पुढे. कधीकधी तो डाव दुसऱ्या दिवशी संपायचा.

आणि गाठी! टीव्हीवर बातम्या बघताना हातात दोरीचा तुकडा असायचाच. चेअर नॉट त्यांनी क्वार्टर्समधल्या प्रत्येक मुलाला शिकवली. दोन फास, एक काखेतून, एक गुडघ्याखालून, म्हणजे माणूस खुर्चीत बसवल्यासारखा खाली सोडता येतो. आम्ही ती गॅलरीच्या कठड्यावरून उशा खाली सोडायला वापरायचो आणि खालच्या काकू ओरडायच्या. बाबा ओरडा ऐकून बाहेर येत, आधी गाठ नीट बसली आहे का ते बघत आणि मग आम्हाला रागवत.

ओलीवाट (१५ एप्रिल, दुपारी २:३५)

चिमणघर, "आधी गाठ बघत आणि मग रागवत". काका डोळ्यांसमोर उभे राहिले.

वर्दीवाला (१५ एप्रिल, रात्री ८:५०)

मी स्वतः दलात होतो, मुंबईत नाही, शेजारच्या एका महापालिकेत. स्टेशन ऑफिसर म्हणून निवृत्त झालो. चिमणघर ताई, तुमच्या वडिलांसारखी माणसं प्रत्येक स्टेशनवर एकदोन असतात आणि स्टेशन त्यांच्यावर चालतं.

इथे काळबादेवीचा विषय निघायलाच हवा. ९ मे २०१५. गोकुळ निवास, जुनी लाकडी बांधणीची इमारत. रहिवासी बाहेर काढले होते. इमारत कोसळली तेव्हा अधिकारी आत होते. संजय राणे आणि महेंद्र देसाई तिथेच गेले. उपप्रमुख अग्निशमन अधिकारी सुधीर अमीन आणि खुद्द प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर गंभीर भाजले होते, ते दोघेही त्याच महिन्यात इस्पितळात गेले. दलाचा सर्वोच्च अधिकारी आगीत आत असताना जखमी होऊन जातो, हे दुसऱ्या कुठल्या खात्यात होतं सांगा.

तेव्हा काही लोक विचारत होते की इमारत रिकामी होती तर आत कशाला गेले? मला तेव्हाही या प्रश्नाचा त्रास झाला. काळबादेवीत इमारती एकमेकींना खेटून आहेत. एक पेटली की शेजारची तापते, तिच्यात माणसं असतात. आग कुठून कुठे सरकते आहे हे रस्त्यावर उभं राहून कळत नाही. लाकडी इमारतीत तुळया आतून जळत जातात, वर टाकलेलं पाणी माळ्यांवर आणि मालावर साचून वजन वाढतं, आणि बाहेरून भिंत सरळच दिसते. ती कधी खाली येईल ते सांगणारी खूण दर वेळी मिळत नाही. हे सगळं माहीत असणारी माणसंच आत होती.

मुंबईच्या दलाचं बोधवाक्य आहे: शौर्यं आत्मसंयमनं त्याग:. यातला मधला शब्द लोक विसरतात. धुरात श्वास आवरून, घाई न करता, भिंतीला हात लावून पुढे जाणं हा त्या नोकरीचा रोजचा भाग आहे.

सरळरेघ (१५ एप्रिल, रात्री १०:०५)

सगळ्यांचा आदर राखून वेगळं मत मांडतो. आठवणी लिहाव्यात, पण मला भीती अशी वाटते की शौर्याच्या गोष्टी जितक्या जास्त तितकं मरण अटळ वाटायला लागतं. माणूस गेला तो अरुंद गल्लीमुळे, जिन्यात रचून ठेवलेल्या मालामुळे, बंद पडलेल्या हायड्रंटमुळे (आगीसाठी पाणी घ्यायचा नळ). आपण हार घालतो आणि जिना तसाच राहतो.

महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा आहे. त्यानुसार इमारतीतली यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून घेऊन दर जानेवारीत आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. मी पूर्वी राहत होतो त्या सोसायटीत हा कागद वेळेवर जायचा आणि डक्टमधल्या होजच्या पेटीत झाडू ठेवलेले असायचे. सभेत विषय काढला तर "आग लागणार आहे का इथे" असं उत्तर मिळालं. माझ्या मते त्या झाडूंच्या जागी होज आणणं हीच खरी श्रद्धांजली. बाकीचं दुय्यम.

पाणसळ (१५ एप्रिल, रात्री १०:२२)

दुय्यम का? दोन्ही हवं. माणूस ओळखीचा असला तर जिन्यातला माल लवकर हलतो, असा माझा अनुभव आहे. आमच्या बिल्डिंगमधले एक आजोबा फायर ब्रिगेडमध्ये ड्रायव्हर होते. ते होते तोवर जिन्यात सायकलसुद्धा कोणी लावली नाही. ते गेले आणि सहा महिन्यांत दोन कपाटं आली.

सरळरेघ (१५ एप्रिल, रात्री १०:३०)

पाणसळ, हे मी मान्य करतो. पण मग त्या आजोबांची गोष्ट लिहिताना कपाटांचाही उल्लेख करा. नुसते "मनमिळाऊ होते" नको.

पेठकर (१६ एप्रिल, सकाळी ७:५५)

पुण्याहून. आमच्याकडे दलात तांडेल म्हणून हुद्दा असतो. आमच्या वाड्याच्या शेजारी एक तांडेल राहायचे, आता नाहीत. त्यांच्या आयुष्यात मोठी आग किती वेळा आली माहीत नाही, पण त्यांच्याकडून ऐकलेल्या गोष्टी बहुतेक लहान वर्द्यांच्या. रस्त्यावर ऑइल सांडलंय, गाड्या घसरताहेत, जा माती टाका. झाड पडलंय. विहिरीत कुत्रा. मांजात अडकलेली घार. संक्रांतीच्या आसपास तर ते म्हणायचे, आता आठ दिवस आम्ही पक्ष्यांचे.

एकदा आमच्या आजीने स्वतःला आत कोंडून घेतलं, म्हणजे कडी अडकली. आत कुकर गॅसवर. ते खिडकीशी आले आणि कडीबद्दल एक शब्द न बोलता म्हणाले, "आजी, आधी गॅस बंद करा बरं, मग निवांत बोलू." आजीने गॅस बंद केला. मग त्यांनी तिला खुर्चीत बसायला सांगितलं, भाजी कसली केली आहे ते विचारलं, आणि तिचं उत्तर संपायच्या आत दार उघडलं. आजी पुढे कितीतरी वर्षं सांगायची की इतक्या लवकर दार उघडलं, माझी भाजी सांगून पण झाली नव्हती.

ते गेले तेव्हा अंत्ययात्रेला भाजीवाले, रिक्षावाले, पक्षी सांभाळणारी पोरं असे सगळे आले. यांतल्या कोणाच्या घराला कधी आग लागली नव्हती.

रानजाई (१६ एप्रिल, सकाळी ८:३०)

पेठकर, मला नेमकं हेच हवं होतं. आग विझवणं हे त्यांच्या दिवसातलं एक काम, बाकी अख्खा दिवस गावाची अडलेली कामं करण्यात जायचा. तो दिवस कुठेच लिहिलेला नसतो.

गोदाकाठ (१६ एप्रिल, दुपारी १:१०)

आमचं गाव लहान. नगरपरिषदेचा एक बंब, आणि त्यावरची बरीचशी माणसं कंत्राटी. शहरातल्या दलात निदान सेवापुस्तक असतं. कंत्राटी माणसाचं नाव ठेकेदाराच्या हजेरीपटावर, आणि ठेकेदार बदलला की हजेरीपटही गेला.

आमच्याकडे असा एकजण होता. उसाला आग लागली की रात्री-अपरात्री जायचा. उसाची आग लांबून नुसती लाल दिसते, जवळ गेलं की पाचट असं कडकडतं की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. वारा फिरला की पळायला वाट कोणती हे तो आधी शेतकऱ्याला विचारून घ्यायचा, मगच पाइप सोडायचा. अंगावर साधा शर्ट. नंतर तो आजारी पडून गेला. पगार थकलेला होता तो घरच्यांना मिळायला किती खेटे घालावे लागले ते मी पाहिलं आहे. कोणाचं नाव घेत नाही, पण या धाग्यात कंत्राटी माणूस बसतो का?

वर्दीवाला (१६ एप्रिल, दुपारी १:४०)

गोदाकाठ, बसतो म्हणजे काय! पाइप धरला की तो आमचाच. वाऱ्याची दिशा आणि परतीची वाट आधी विचारणारा माणूस पक्का होता, कोणी शिकवलं असेल-नसेल.

नोंदकरी (१६ एप्रिल, सायंकाळी ६:२५)

चिमणघर यांच्या वडिलांवरून आणि गोदाकाठ यांच्या प्रश्नावरून एक गोष्ट जोडतो. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अग्निशामकाच्या व्यवसायाला कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात टाकलं, म्हणजे जिथे पुरावा पुरेसा आहे असं मानतात तो गट. मेसोथेलिओमा (फुफ्फुसासारख्या अवयवांच्या आवरणाचा कर्करोग) आणि मूत्राशयाचा कर्करोग यांच्या बाबतीत पुरावा पुरेसा ठरला. धूर फक्त नाकावाटे जात नाही, काजळी कपड्यांवर आणि कातडीवर बसते, तिथूनही आत जाते.

म्हणून "कामावर असताना गेले" आणि "नंतर आजाराने गेले" अशी रेघ मारून आठवणींची वाटणी करणं मला योग्य वाटत नाही. प्रत्येकाच्या बाबतीत आजार कामामुळेच आला असं म्हणता येणार नाही, ते डॉक्टरांचं काम. पण यादीत घेताना तरी रेघ नको.

चिमणघर (१६ एप्रिल, रात्री ९:०२)

नोंदकरी, हे वाचून थोडा वेळ उठून गेले होते. बाबा आगीवरून आले की युनिफॉर्म घरात आणायचे नाहीत. खालीच स्वतः धुवायचे, आमच्या कपड्यांत मिसळू द्यायचे नाहीत. आईला वाटायचं वासामुळे. त्यांना कोणी काही शिकवलं होतं की आपलं आपणच ठरवलं होतं, आता विचारायला ते नाहीत.

शांतारंग (१७ एप्रिल, सकाळी १०:१५)

एक काळजी मांडते. माझ्या जवळच्या नात्यात असा मृत्यू झालेला आहे. त्यानंतर बरीच वर्षं दर एप्रिलला कोणीतरी फोन करायचं, स्टेजवर बोलवायचं, शाल द्यायचं, आणि प्रत्येक वेळी निवेदक तो प्रसंग पुन्हा पहिल्यापासून सांगायचा. कोणत्या मजल्यावर, किती वाजता, सगळं. घरातल्या बाईने खुर्चीत बसून ते ऐकायचं. शेवटी तिने जाणं सोडलं. लोक म्हणाले, तिला अभिमान नाही.

तुम्ही घरोघरी विचारणार असाल तर आधी परवानगी घ्या. आणि शेवटच्या दिवसाबद्दल तुम्ही होऊन विचारू नका. सांगायचं असेल तर ते सांगतील.

वर्दीवाला (१७ एप्रिल, सकाळी १०:५०)

शांतारंग ताई, हे आमच्या लोकांनीही ऐकायला हवं. अभिवादनाच्या कार्यक्रमाचं भाषण लिहिताना आम्हीही तेच करतो, प्रसंगाचा अहवाल वाचून दाखवतो. त्याऐवजी एखाद्या सहकाऱ्याने उठून दोन शब्द सांगावेत, तो कसा होता ते.

विचारायचंच तर मी असं विचारेन: दलात यायच्या आधी काय करायचे? पहिल्या वर्दीवरून आले तेव्हा घरी काय बोलले? कुठल्या गाडीवर असायचे? सगळ्यात जास्त कोणाशी पटायचं, कोणाशी भांडण? कुठला सण ड्यूटीमुळे नेहमी हुकायचा? माझ्यापुरतं सांगतो, दिवाळी. फटाक्यांमुळे त्या दिवसांत सगळ्यांच्या रजा बंद. माझ्या मुलांना लक्ष्मीपूजनाला बाप घरी असतो हे मी निवृत्त झाल्यावर कळलं.

सरळरेघ (१७ एप्रिल, सकाळी ११:२०)

"शिडी लागत नव्हती तेव्हा काय केलं" हेही विचारा. "काय साहित्य हवं होतं आणि मिळालं नाही" हेही. मी माझा मुद्दा सोडत नाही. पण शांतारंग यांचं वाचल्यावर हे मान्य आहे की घरच्यांना तो प्रश्न पहिला विचारायचा नाही. तो सहकाऱ्यांना विचारावा.

ओलीवाट (१७ एप्रिल, दुपारी १२:०५)

थोडं अवांतर. ४ मे हा जगभर अग्निशामक दिन म्हणून पाळतात. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यातल्या लिंटनला २ डिसेंबर १९९८ रोजी वणवा विझवताना वारा अचानक फिरला आणि पाच स्वयंसेवक गेले, त्यानंतर तो सुरू झाला. गोदाकाठ यांनी वाऱ्याचं लिहिलं तेव्हा आठवलं. न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबर २००१ ला दलाचे ३४३ जण गेले, तिथे त्यांची नावं एकेक करून वाचतात. वेळ लागतो, पण वाचतात.

पाणसळ (१७ एप्रिल, दुपारी १२:३०)

आपल्याकडे सहासष्टांची नावं वाचायला किती वेळ लागेल? पाच मिनिटंसुद्धा नाही. भायखळ्याच्या मुख्यालयात स्मारक आहे. शाळांना त्या आठवड्यात शिडी आणि पाण्याचा फवारा दाखवतात, मुलं टाळ्या वाजवतात. त्याच वेळी पाच मिनिटं नावं वाचली तर कार्यक्रमाला काही कमीपणा येणार नाही.

पेठकर (१७ एप्रिल, दुपारी ३:१५)

आणि नावानंतर एक वाक्य. गाव, किंवा आवड. "अमुक अमुक, कुस्ती खेळायचे." एवढंही पुरे. मुलांना ते लक्षात राहील.

रानजाई (२८ एप्रिल, सायंकाळी ७:४०)

उशिरा आले, कारण मध्ये त्या फळ्यावरच्या काकांच्या घरी जाऊन आले. स्टेशनवरच्या लोकांनी आधी फोन करून विचारलं, घरचे हो म्हणाले, मग गेले. शांतारंग, तुम्ही सांगितल्याप्रमाणे आजाराबद्दल, शेवटच्या दिवसांबद्दल काही विचारलं नाही. वर्दीवाला यांचा पहिला प्रश्न विचारला आणि पुढचे दोन तास मला काही विचारावंच लागलं नाही.

काका दलात यायच्या आधी मालवाहू ट्रक चालवायचे. दलात ड्रायव्हर-ऑपरेटर म्हणून लागले. म्हणजे गाडी न्यायची आणि तिथे पोचल्यावर पंपही तेच चालवणार. पुढे होज धरलेल्या माणसाला किती दाब मिळतो ते यांच्या हातात. त्यांचा मुलगा म्हणाला, बाबा आगीत आत जात नसत, म्हणून लोक विचारायचे की तुम्हाला काय भीती. त्यावर बाबांचं उत्तर ठरलेलं होतं, आतला माणूस माझ्या कानावर असतो. पंपाचा आवाज बदलला की पुढे पाइप दुमडला, फुटला की पाणी संपत आलं ते त्यांना गेज बघायच्या आधी कळायचं.

मग मुलाने एक वही आणली. शाळेची, दोनशे पानी, खाकी कव्हर. रजेच्या दिवशी काका सायकल काढून भागात फिरायचे आणि त्यात लिहायचे. प्रत्येक गल्लीचं नाव, पुढे "मोठी गाडी जाते" किंवा "कोपऱ्यापर्यंत, पुढे होज", वळण कुठून सोपं, मंडपाच्या दिवसांत कुठली गल्ली बंद. विजेच्या तारा खाली आलेल्या असतील तिथे लाल पेनाने फुली. पाणी भरायच्या जागा वेगळ्या पानावर: हायड्रंट, टाक्या, आणि विहिरी. विहिरींपुढे पाण्याची खोलीसुद्धा लिहिली आहे, उन्हाळ्यातली वेगळी, पावसाळ्यातली वेगळी. अक्षर बारीक आणि सरळ. एका पानावर मध्येच नातीचं चित्र आहे, बंबाचं, त्याला त्यांनी पेनाने चाकं काढून दिली आहेत.

घरच्यांनी फोटो काढू दिले. नाव प्रसिद्ध करायचं की नाही ते घरात बोलून सांगतील. तोवर मी इथे टाकत नाही.

शांतारंग (२८ एप्रिल, रात्री ८:१०)

नीट केलंत.

सरळरेघ (२८ एप्रिल, रात्री ८:४५)

रानजाई, मी दुय्यम म्हणालो होतो. या वहीसमोर मला तसं म्हणता येत नाही. एका माणसाने सुट्टीच्या दिवशी, कोणी न सांगता, अख्ख्या भागाची पाहणी करून ठेवली आहे.

गोदाकाठ (२९ एप्रिल, सकाळी ९:२०)

आमच्याकडच्या माणसाच्या भावाशी बोललो. तो लिहून द्यायला तयार आहे, पण म्हणाला मला लिहिता नीट येत नाही, तुम्ही ऐका आणि लिहा. रविवारी जातो आहे. उसाच्या पट्ट्यात कोणकोणत्या वस्त्यांवर तो गेला होता ते भावाला पाठ आहे.

वर्दीवाला (२९ एप्रिल, सकाळी १०:०५)

गोदाकाठ, मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा, नंतर उतरवून काढता येईल. त्याची बोली आहे तशी राहू द्या.

रानजाई ताई, एक विनंती. घरच्यांना विचारून त्या पाण्याच्या पानांच्या प्रती सध्याच्या स्टेशन ऑफिसरला द्या. हायड्रंट बरेचसे बदलले असतील, काही डांबराखाली गेले असतील, पण विहिरी बुजवल्या नसतील तर त्या तिथेच असणार. मे महिना तोंडावर आहे. स्टेशनच्या पोरांनी एकदा वही घेऊन फिरून यावं, ज्या विहिरीला अजून पाणी आहे तिथे पोर्टेबल पंप लावून पाहावा, आणि आजची खोली त्याच पानावर, काकांच्या आकड्याशेजारी लिहावी.